शालीखालचा सौदा

आमच्या शेळी-मेंढी कंपनीच्या अध्यक्षाने आम्हा तीनशे भागधारकांना फसवलं. जिंतूरहून येलदरीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून कंपनीची दीड एकर जागा होती. जागेत पत्र्याचं शेड होतं आणि शेडमध्ये जिवंत जनावर उभं करून तोलायचा काटा होता. ही जागा त्याने एकोणतीस वर्षांच्या भाडेकराराने जनावरांच्या व्यापाऱ्यांना देऊन टाकली. चोरून नाही, भर सभेत, आम्ही समोर बसलेले असताना. आणि ते करताना त्याने माझा हात वापरला.

हे शेवटचं वाक्य मी पुष्कळ दिवस कुणाला सांगितलं नव्हतं. आता सांगतो, पण क्रमाने सांगतो. गावोगावी ही गोष्ट उलटीसुलटी फिरते आहे. काही ठिकाणी मी चोर असतो, काही ठिकाणी बावळट.

मी मेंढपाळाच्या घरातला. शाळा चौथीपर्यंत, तीही तुकड्यातुकड्यांनी, कारण दिवाळी झाली की आमचं बिऱ्हाड मेंढरांमागे चालायला लागायचं. मोठा झाल्यावर मी बापाला सांगितलं, मला मेंढरांमागं चालायचं नाही, मेंढरं विकायची आहेत. बाप म्हणाला, "विकणारानं पोटातलं तोंडावर आणायचं नसतंय. तुला जमंल का? तू तर लगेच लाल होतूस." बापाचं खरं होतं. माझं डोकं लवकर फिरतं. भर बाजारात एका व्यापाऱ्याच्या सदऱ्यावर मी चहा ओतलेला आहे, आणि त्याबद्दल मला अजूनही वाईट वाटत नाही. पण सौद्याला बसलो की मी थंड. तीस वर्षं दलाली केली, घर बांधलं, दोन मुलींची लग्नं केली, कुणापुढे हात पसरला नाही.

माझी हत्यारं दोनच, डोळा आणि हात. बोकडाच्या कमरेवर दोन बोटं दाबली की आत किती मांस आहे ते मला कळतं. आणि सौदा हाताने. आमच्याकडे जनावरांच्या बाजारात जुनी माणसं भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांचे हात एका रुमालाखाली जातात आणि बोटं बोलतात. एक बोट धरलं तर एक, तीन धरली तर तीन, पूर्ण पंजा धरला तर पाच. शंभर, हजार की लाख, हे समोरचा माल बघून दोघांनाही ठाऊक असतं. भोवती पन्नास माणसं उभी असोत, आकडा त्या दोघांतच राहतो. याला नियम आहेत. सौदा नको असेल तर गुमान हात काढून घ्यायचा. पण समोरच्याच्या आकड्याला तुम्ही आकड्याने उत्तर दिलंत की तुम्ही सौद्यात बसलात. आणि मनगट दाबलं की सौदा कबूल. मग जबान फिरवणाऱ्याला त्या बाजारात कुणी पाणी विचारत नाही.

कंपनी काढायची कल्पना माझी नव्हती. एका योजनेचे साहेब गावात आले होते. ते म्हणाले, मेंढपाळांनी आणि शेळ्यावाल्यांनी मिळून कंपनी काढा, प्रत्येकाने शेअर घ्या, सरकार भर घालील, स्वतःचा काटा बसवा आणि माल वजनावर विका. आमचा माल तोवर अंदाजाने विकला जायचा. अंदाज करणारा व्यापारी, म्हणजे माझ्यासारखा माणूस. तरी मी या कामात पडलो. का पडलो ते विचाराल तर, आपल्याच माणसांना फसवून खायचा मला वयाबरोबर कंटाळा आला होता. दुसरं म्हणजे मला पाटील भेटला.

पाटील हे त्याचं आडनाव नाही. मी त्याला तसं म्हणायचो, म्हणून इथेही तेच. शेजारच्या गावचा, चांगली बागायत जमीन असलेला, कॉलेज केलेला माणूस. वीस वर्षांपासून आमची ओळख. सोयाबीन निघालं की तो आमच्या लोकांची मेंढरं खतासाठी आपल्या रानात बसवायचा आणि ठरलेलं धान्य दुसऱ्या दिवशी न बोलता पोचतं करायचा. जनावरांचाही त्याला नाद होता, त्यामुळे रुमालाखाली त्याच्याशी मी कितीदा तरी बसलेलो. सौद्याला चिवट, पण सरळ. आमच्या लोकांना कागदाची भीती वाटते आणि त्याला कागद खेळण्यासारखे. म्हणून ठरलं, अध्यक्ष होऊन कागद पाटलाने सांभाळायचे आणि माणसं मी आणायची.

माणसं आणायची म्हणजे शब्द द्यायचा. मी वाड्यावाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या तळातळांवर, फिरलो. कुणी एक शेअर घेतला, कुणी दहा. सगळ्यात आधी मी आक्काकडे गेलो. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. दाजी गेल्यापासून साठ-सत्तर मेंढरं आणि शेरडं ती आणि तिची सून दोघी सांभाळतात. तिने चार पाटी विकल्या, पाटी म्हणजे अजून न व्यालेल्या शेळ्या, आणि शेअर घेतले. म्हणाली, "कंपनी-बिंपनी मला कळत न्हाई. तू म्हणालास म्हणून."

काटा बसला त्या दिवशी पहिलं जनावर आक्काचंच चढलं. तपकिरी बोकड, चांगला भरलेला. पिंजऱ्यात घालायच्या आधी तिने सगळ्यांसमोर मला विचारलं, "सांग बापू, तुझ्या डोळ्यानं किती?"

"बावीस," मी म्हणालो.

मला सव्वीस दिसत होते. पण तीस वर्षांची सवय, तोंडातून चार कमीच आले. काट्यावरचा लाल आकडा हलत हलत साडेसव्वीसवर थांबला.

आक्का हसायलाच लागली. "अगं बाई! म्हंजे माझ्या हरेक बोकडातले चार किलो तू खात होतास! तरीच एवढा सुटलायस."

सगळं शेड हसलं. मीही हसलो. हसू ओसरल्यावर ती जवळ आली आणि म्हणाली, "हसायलोत खरं, पण आइक. ह्यो काटा हितून हलू द्यायचा न्हाई. बाकी काय करायचं ते करा तुमच्या कंपनीचं."

चार महिने छान गेले. हैदराबाद-नांदेडकडचे खरेदीदार थेट शेडवर यायला लागले. आमची मॅनेजर पूर्णा जंक्शनची मुलगी होती, रेल्वेतल्या माणसाची, शेतकी शिकलेली. ती सकाळच्या गाडीने परभणीला आणि तिथून एसटीने जिंतूरला यायची, आणि कधी उशीर झाला तर स्वतःच अर्धा दिवस मांडायची. असं माणूस मी कचेरीत बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

मग निवडणूक आली. आमच्या भागात दोन पुढारी. मोठे नव्हेत, आमच्या दहा-वीस गावांपुरतेच, पण तेवढ्या गावांत त्यांच्याशिवाय पान हलत नाही. पाटील एकाच्या गटात होता. तिकीट मिळालं नाही म्हणून तो दुसऱ्याच्या गटात गेला. आमचे संचालक दहा. पाच त्याच्याबरोबर गेले, पाच जुन्या पुढाऱ्याजवळ राहिले. आता शेळीचं वजन आणि तिकीट यांचा काय संबंध? पण मागे राहिलेल्या पाचांनी बैठकीला येणं सोडलं. शेडची वीज तात्पुरत्या जोडणीवर होती. ती कायम करायला ठराव हवा, ठरावाला कोरम हवा, आणि आमच्या नियमाप्रमाणे कोरमला सहा संचालक, म्हणजे दोन्ही गट हवेत. एक दिवस जोडणीची मुदत संपली आणि वीज गेली. काटा विजेवरचा. खरेदीदार दोनदा आले, बंद काटा बघून परत गेले, तिसऱ्यांदा आलेच नाहीत. योजनेचा दुसरा हप्ताही थांबला. विचारायला गेलो तर साहेब छताकडे बघून म्हणाले, "वरून आलंय." वर म्हणजे कोण ते सांगेनात.

पाटलाने याच काळात आपला पुतण्या कचेरीत आणून बसवला. महिन्याभरात मॅनेजर मुलीने राजीनामा दिला. जाताना ती माझ्या घरी आली होती. चहा घेतला आणि म्हणाली, "मामा, प्रोसिडिंगचं रजिस्टर अधूनमधून बघत जा. सभेत काय झालं आणि त्यात काय लिहिलंय, दोन्ही ताडून बघा."

मी म्हणालो, "मी माणसं वाचतो, पोरी. रजिस्टर न्हाई."

मला ते वाक्य फार भारी वाटलं होतं तेव्हा.

तीन वर्षं काटा बंद राहिला, आणि त्या तीन वर्षांत लोकांना धीर धरायला लावायचं काम मी केलं. हे पाटलाने माझ्यावर सोपवलं नव्हतं, मीच अंगावर घेतलं. आमचे भागधारक काही एका जागी राहणारे नाहीत. कुणी पूर्णा नदीच्या काठाने गेलेला, कुणी परभणीच्या पलीकडे कुणाच्या रानात मेंढरं बसवून बसलेला. मी मोटारसायकलवर त्यांना शोधत जायचो. लोक कुरकुरत होते. मधेच जुन्या पुढाऱ्याच्या माणसांनी टूम काढली, शेअर आम्हाला द्या, तुम्ही लावलेली रक्कम हातावर ठेवतो. पुष्कळ जण तयार झाले होते. मी त्यांना अडवलं. मी म्हणायचो, ते घ्यायला आलेत म्हणजे मालात दम आहे. आपण बसून राहायचं. पुढाऱ्यांची भांडणं पावसाळी नाल्यासारखी, आज आहेत उद्या नाहीत. जागा रस्त्यावरची आहे, ती कुठे पळत नाही.

आक्कालाही मी हेच सांगितलं. उन्हाळ्यात येलदरी धरणाचं पाणी मागे सरकतं आणि गाळावर हिरवं उगवतं, तिथे तिची मेंढरं होती. ती वाघूर दुरुस्त करत बसली होती, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी.

"बापू, किती दिवस?" तिने मान वर न करता विचारलं.

"सौद्यात आधी उठतो तो हरतो, आक्का."

"ह्यो सौदा हाय का? मला वाटलं आपली कंपनी हाय."

"तसं न्हाई गं..."

"माझ्या चार पाटी आतापातूर दोन-दोनदा व्याल्या असत्या. परवाच्याला व्यापारी येऊन पुन्हा अंदाजानं घिऊन गेला. बोकडाच्या कमरेत बोटं घालायलता, तुझ्यासारखीच."

मला राग आला. मी म्हणालो, "मग दे तुझे शेअर त्यांना. जा." ती हसली. म्हणाली, "तू लाल व्हायलास म्हंजे तुलाबी भ्या वाटायलंय." मग भाकरी वाढली आणि म्हणाली, "थांबते. तुझ्यासाठी थांबते, पाटलासाठी न्हाई. जागा आणि काटा राहू दे म्हंजे झालं."

पुढच्या वर्षी दोन्ही पुढाऱ्यांचं जुळलं. कसं जुळलं ते त्यांनाच माहीत, पण एक दिवस ते एकाच गाडीतून उतरताना दिसले. आमचे रुसलेले पाच संचालकही बैठकीला यायला लागले. मी वाड्यावाड्यावर जाऊन सांगितलं, बघा, म्हणत नव्हतो? आता वीज येणार, काटा चालू होणार. लोकांनी मला शेंगा-गूळ खाऊ घातला. आज मला कळतं, ते भांडत होते तोवरच आमची जागा सुरक्षित होती. दोन गट एकमेकांचा हात धरून ठेवत होते. हे माझ्यासारख्या बाजारात मुरलेल्या माणसाला तेव्हा दिसायला हवं होतं. दोन व्यापारी एकदम गोड बोलायला लागले तर माल सांभाळावा, हे मी लोकांना शिकवत आलो.

वार्षिक सभेच्या आदल्या आठवड्यात पाटलाचा फोन आला.

"मामा, यंदा तुमचा सत्कार ठेवलाय."

"कशाबद्दल?"

"तीन वर्सं तुमी लोकांना धीर दिला. तुमच्यामुळं कंपनी फुटली न्हाई. शाल, श्रीफळ. आनि एक ठराव हाय जागेचा. वीज, छप्पर, समदं एकदम मार्गी लागायलंय. अनुमोदन तुमचं घेऊ."

"ठरावाचा कागद दाखवा आधी."

पाटील हसला. "मामा, तुमाला कवापासून कागद लागायला लागले?"

एवढं पुरलं. त्याला माझं वजन बरोबर कळत होतं. मी कागद मागितला नाही.

सभा शेडमध्येच होती. काटा एका बाजूला प्लास्टिकच्या कागदाने झाकून ठेवला होता. दीड-दोनशे माणूस आलं होतं, बाया पुढे सतरंजीवर. आक्का अगदी पहिल्या रांगेत. माझा सत्कार म्हणून तिने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. व्यासपीठावर दोन्ही पुढारी, मध्ये पाटील. भाषणं झाली. प्रत्येकाने धीर या शब्दावर भर दिला. मग पुतण्याने ठराव वाचायला सुरुवात केली. शासकीय मराठी, लांबच लांब वाक्य, "जागेच्या व्यावसायिक वापराबाबत" असं काहीतरी, "योग्य त्या संस्थेसोबत दीर्घ मुदतीचा करार करण्याचे सर्वाधिकार" असं काहीतरी. लोक सत्काराची वाट बघत होते, कुणाचं लक्ष नव्हतं. माझं होतं. 'दीर्घ मुदतीचा करार' हे मी नीट ऐकलं. मी उठलो. विचारणार होतो, कोणती संस्था? कसला करार?

मी उठतो आहे हे पाटलाने पाहिलं. ठराव अर्धा असतानाच तो शाल घेऊन पुढे आला आणि म्हणाला, "आधी आपल्या मामांचा मान." टाळ्या पडल्या. त्याने शाल माझ्या खांद्यावर टाकली, एक पदर पुढे ओढला, आणि पदराखाली माझा उजवा हात धरला.

तीन बोटं.

मला एका क्षणात सगळं कळलं. कुणाला जागा द्यायची आहे तेही कळलं, कारण एका पुढाऱ्याचा मेव्हणा जनावरांचा मोठा व्यापारी आहे आणि तो मागच्या खुर्चीवर बसला होता. तीन म्हणजे हजार नव्हेत हेही कळलं. एवढ्या जागेला तोंड बंद करायचा भाव हजारांत नसतो.

अशा वेळी हात काढून घ्यायचा असतो. नुसता काढून घ्यायचा, बाकी काही करावं लागत नाही.

मी पंजा धरला. पाच.

का धरला? हा प्रश्न मी स्वतःला इतक्यांदा विचारला आहे की आता तो प्रश्न राहिलेला नाही. मला ते पैसे हवे होते का? त्या क्षणी मी पैशाचा विचार केला नव्हता. तीस वर्षांत मला कुणी तीन म्हटलं आणि मी पाच म्हटलं नाही असं एकदाही झालेलं नाही. डोकं 'चोर' म्हणत होतं आणि हात भाव वाढवत होता. ही सबब नाही. हात माझाच होता.

पाटलाने माझं मनगट दाबलं. मग हात सोडून माईक घेतला आणि म्हणाला, "मामांचं अनुमोदन हाय. ठराव सर्वानुमते मंजूर." पुतण्याच्या बाजूच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. पुढाऱ्यांनीही वाजवल्या.

समोरच्या माणसांनी वाजवल्या नाहीत. समोर बसलेला प्रत्येक माणूस जन्मापासून जनावरांच्या बाजारात गेलेला. कापडाखाली दोन हात गेले, थांबले, आणि एकाचा खांदा हलला म्हणजे काय झालं, हे तिथल्या म्हातारीलाही सांगावं लागत नाही. आकडा त्यांना कळला नव्हता. सौदा झाला एवढं कळलं होतं.

मी माईक हिसकावला. ओरडलो. शिव्या दिल्या, त्या इथे लिहीत नाही. ठराव अर्धाच वाचलाय, ही जागा तुमच्या बापाची नाही, मी अनुमोदन दिलेलं नाही, असं बरंच बोललो. माईक बंद केला गेला. तेव्हा पहिल्या रांगेतून आक्काचा आवाज आला, शांत.

"आधी शालीतून हात भाईर काढ, बापू. मंग बोल."

माझा हात अजून पदरातच होता.

महिन्याभरात शेडला नवं फाटक लागलं. आमचा काटा त्यांनी शेडच्या मागे उघड्यावर नेऊन टाकला. आमच्याच जागेत, आमच्याच छपराखाली आता व्यापारी उभे राहतात आणि आमच्या लोकांचे बोकड डोळ्याने तोलतात. दुसरा बाजार लांब, भाडं परवडत नाही, म्हणून आमची माणसं तिथेच जातात.

मी पाटलाच्या घरी गेलो. त्याने सतरंजी टाकली, पाणी दिलं. मी पाण्याला हात लावला नाही.

"पाटील, वीस वर्सं तुमी माझ्याशी बेइमानी केली न्हाई. ह्ये काय केलं?"

"मी काय केलं, मामा? तुमी अनुमोदन दिलं."

"मी दिलं?"

"पाच म्हणालात न्हव का?" तो खरोखर आश्चर्य वाटल्यासारखा बोलत होता. "मी तीन म्हणालो, तुमी पाच म्हणालात, मी कबूल केलं. तुमी तर धंद्याचा माणूस. आता मागं फिरायलात?"

"मंग कुठं हायत पाच?" हे मी का विचारलं ते मला माहीत नाही. रागाने विचारलं.

पाटील दाराकडे बघत म्हणाला, "बघू की. करार नीट होऊ द्या. थोडा धीर धरा."

मी उठलो आणि त्याच्या अंगणातली पाण्याची घागर लाथेने फोडली. त्याने काही होत नाही हे मलाही कळतं. पाच आले नाहीत. एकही आला नाही. लोकांना वाटतं आले. मला मिळाला तो नारळ, तोही सभेतच कुठेतरी राहिला.

जी मुलगी नोकरी सोडून गेली होती तिला मी फोन केला. तिने एकदाही 'मी सांगितलं होतं' म्हटलं नाही. म्हणाली, अशा कंपनीत एक तृतीयांश सभासदांनी सह्या करून मागणी केली की संचालकांना विशेष सभा बोलवावीच लागते. आपले तीनशे आहेत, शंभर सह्या लागतील. त्या सभेत प्रोसिडिंग वाचायला लावा, करार वाचायला लावा.

शंभर सह्या. ज्यांना तीन वर्षं थांबा म्हणालो त्यांच्याकडूनच. पहिल्या वाड्यावर एकाने माझं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मामा, ह्याच्यात तुमचं किती?" मी त्याच्या अंगावर धावून गेलो, लोकांनी धरलं. सही मिळाली नाही. दुसऱ्या वाड्यावर कुत्रीसुद्धा माझ्यावर भुंकली नाहीत, इतकं कुणी माझ्याकडे लक्ष दिलं नाही.

शेवटी आक्काकडे गेलो. सभेपासून ती माझ्याशी बोलली नव्हती. व्यायला आलेलं मेंढरू वेगळं काढत होती. मी कागद पुढे केला. तिने तो घेतला नाही.

"किती म्हणालास?" तिने विचारलं.

मी कागद तसाच पुढे धरून ठेवला.

"त्यानं किती धरले, तू किती धरले? भावाला इचारायलेय, दलालाला न्हाई."

आजवर रुमालाखालचा आकडा मी तिसऱ्याला सांगितलेला नव्हता. बायकोलाही नाही. आमच्या धंद्यात ते पाप आहे. मी म्हणालो, "तो तीन म्हणाला. मी पाच."

आक्काने मेंढराच्या पाठीवरचा हात काढला. मग म्हणाली, "ह्ये समद्यांना सांग. वाड्यावाड्यावर जाऊन सांग, जसं थांबा म्हणून सांगत होतास. तू तुझं सांगितल्याशिवाय त्याला कोन इचारणार? मंग मी अंगठा देते. सुनेचाबी देते." आणि मेंढराकडे वळत म्हणाली, "माझे चार किलो खाल्लेस ते सोडले होते मी. काटा न्हाई सोडणार."

तेव्हापासून मी सांगत फिरतो आहे. काहींनी शिव्या दिल्या, एका म्हाताऱ्याने थुंकून दुसरीकडे तोंड केलं. पण आकडा ऐकला की माणसं बसून घेतात, आणि मग कागद मागून घेतात. आज माझ्याजवळ एकशे सात सह्या आणि अंगठे आहेत. मागणीचा कागद कंपनीच्या कचेरीत दिला आहे, पोच घेतली आहे. पुतण्या पोच देईना, तेव्हा आक्का आणि तिच्यासारख्या वीस जणी दारात बसल्या.

सभा आता टाळता येणार नाही. तिथे येऊन अध्यक्षाने सांगावं: अर्धा वाचलेला ठराव पूर्ण मंजूर कसा झाला? करारावर आमच्यापैकी कुणाच्या सह्या आहेत, आणि त्या कोणत्या दिवशी, कुणाच्या घरी बसून केल्या? मी पाच म्हणालो, ते माझं पाप मी तोंडाने कबूल केलं आहे, त्याची जी सजा लोक देतील ती घेईन. पण शालीखाली तीन बोटं घेऊन आलेला हात पाटलाचा होता. ते तीन कुणाच्या खिशातून येणार होते, आणि मला तीन द्यायला निघालेल्या माणसाला स्वतःला किती मिळाले? तीनशे माणसं समोर बसतील. त्यांच्याकडे बघून, मोठ्याने, आकड्यासकट, पाटलाने याचं उत्तर द्यावं.